संसार सांभाळून कर्जातून बाहेर कसे पडावे: गोव्यातील कुटुंबांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

गोव्यातल्या सर्वसाधारण घरावर कर्ज एका दिवसात चढत नाही. पावसाळ्याआधी छपराची दुरुस्ती निघते, जूनमध्ये मुलांची शाळा सुरू होते, पाठोपाठ चवथ (गणेशचतुर्थी) येते आणि चवथीचे हिशेब मिटण्याआधीच जवळच्या नात्यात कोणाचे तरी लग्न ठरते. प्रत्येक खर्च त्या त्या वेळी रास्त वाटतो आणि बहुतेक वेळा तो रास्त असतोही. थोडे सहकारी सोसायटीकडून, थोडे कार्डावर, थोडे सोने ठेवून आणि थोडे मेहुण्याकडून हातउसने असे करत दोन-तीन वर्षांत अशी वेळ येते की पगार जमा झाल्याच्या आठवड्यातच त्याचा मोठा भाग हप्त्यांत निघून जातो. नुकताच संसार थाटलेल्या किंवा आपल्या देण्यांचा हिशेब प्रथमच मांडणाऱ्या वाचकांसाठी हा लेख आहे. फेडीची योजना कागदावर कितीही बरोबर असली तरी घरातल्या माणसांना ती दोन-तीन वर्षे पाळता आली पाहिजे, या एका कसोटीवर पुढील प्रत्येक सल्ला घासून घेतला आहे.

पायरी १: सगळी देणी एका वहीत

पती-पत्नीने एखाद्या रविवारी दुपारी निवांतपणे वही घेऊन बसावे. प्रत्येक देण्याला एक ओळ द्यावी आणि तीत कोणाचे देणे आहे, आज बाकी किती, व्याज किती टक्के, हप्ता किती व कोणत्या तारखेला, तारण काय आणि जामीनदार कोण, हे सर्व लिहावे. बाकी अंदाजाने लिहू नये. बँकेकडून कर्जखात्याचा उतारा घ्यावा, सोसायटीचे पासबुक भरून आणावे आणि कार्डाचे ताजे विवरणपत्र समोर ठेवावे. दुकानातली उधारी, नातेवाइकांचे हातउसने पैसे आणि आधी उचललेल्या भिशीचे उरलेले हप्ते हीदेखील कर्जेच आहेत, त्यामुळे त्यांनाही ओळ द्यावी. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा आपला पतअहवाल, म्हणजे आपल्या कर्जांची व त्यांच्या फेडीची नोंद, विनामूल्य मिळतो. तो मागवला की विस्मरणात गेलेले एखादे कार्ड किंवा न घेताच आपल्या नावावर दिसणारे कर्जही लक्षात येते.

या बैठकीत सर्वांत जड जाते ते एकमेकांना न सांगितलेले देणे. असे देणे निघालेच तर त्या दुपारी फक्त आकडा लिहावा आणि ते का घेतले याची चर्चा दुसऱ्या दिवसावर ठेवावी, कारण पहिल्याच बैठकीत भांडण झाले तर दुसरी बैठक होत नाही. गोव्यात देणे लपवून न ठेवण्याला कायद्याचेही एक कारण आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा येथे आजही लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सर्वसाधारणपणे समाईक मानली जाते, आणि घर किंवा जमीन विकायची अथवा गहाण ठेवायची तर दोघांचीही संमती लागते. एकाने गुपचूप वाढवलेले देणे शेवटी दोघांच्याच दारात येते, तेव्हा ते आरंभीच दोघांना ठाऊक असणे दोघांच्याही हिताचे आहे.

पायरी २: प्रत्येक कर्जाचा खरा दर ओळखणे

सांगितलेला दर आणि प्रत्यक्ष पडणारा दर यांत पुष्कळ अंतर असू शकते. ‘सरळ १२ टक्के’ या बोलीवर २ वर्षांसाठी १ लाख रुपये घेतले तर व्याज २४ हजार होते आणि हप्ता ५,१६७ रुपयांचा पडतो. मुद्दल दरमहा कमी होत असूनही व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर आकारले जात असल्यामुळे घटत्या बाकीच्या हिशेबाने हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून दर विचारताना तो सरळ आहे की घटत्या बाकीवर, हे दर वेळी विचारावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँका आणि वित्त कंपन्यांनी १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक वैयक्तिक कर्जदाराला मुख्य तथ्यपत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात प्रक्रिया शुल्क, विमा वगैरे सर्व धरून येणारा वार्षिक दर लिहिलेला असतो. हे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावयाचे असते, त्यामुळे ते मराठीत मागण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

क्रेडिट कार्डाकडे अधिक बारकाईने पाहावे लागते, कारण नव्या संसारात सर्वाधिक नुकसान तेथेच होते. कार्डावर ५० हजार रुपये बाकी आहेत आणि दर महिना साडेतीन टक्के आहे, असे समजू या. एका महिन्याचे व्याज १,७५० रुपये होते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३१५ रुपये, चढून एकूण २,०६५ रुपये होतात. विवरणपत्रावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून पाच टक्के, म्हणजे २,५०० रुपये, छापलेले असतात. ते इमानाने भरणाऱ्याचे मुद्दल त्या महिन्यात केवळ ४३५ रुपयांनी घटते. शिवाय मागची बाकी शिल्लक असताना कार्डाने नवीन किराणा घेतला तर त्यावर नेहमीची बिनव्याजी मुदतही मिळत नाही. खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होते. किमान रक्कम भरल्याने विलंबशुल्क टळते, परंतु तेवढ्यावर कर्ज फिटेल अशी आशा धरू नये.

‘नो कॉस्ट’ हप्त्यांत व्याज बहुधा किमतीत किंवा नाकारलेल्या सवलतीत दडलेले असते. दुकानदाराला रोखीचा भाव विचारला की फरक तिथल्या तिथे कळतो.

पायरी ३: नवे कर्ज थांबवणे आणि एका महिन्याची शिदोरी

जुने फेडत असताना नवे घेत राहिले तर वहीतली बेरीज जागची हलत नाही. कार्ड कपाटात ठेवावे, खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेला त्याचा क्रमांक काढून टाकावा आणि ‘आता घ्या, नंतर भरा’ ही सोय बंद करावी. मोबाइलवर झटपट कर्ज देणाऱ्या ॲपची गरज भासलीच तर त्यामागे कोणती बँक किंवा नोंदणीकृत वित्त कंपनी आहे ते आधी पाहावे. रिझर्व्ह बँकेने अशा ॲपची यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहे. फोनमधील संपर्क आणि छायाचित्रे पाहण्याची परवानगी मागणाऱ्या ॲपला दूरच ठेवावे, कारण पुढे नातेवाइकांना फोन करून बदनामी करण्याचा प्रकार तेथूनच सुरू होतो. मटका किंवा ऑनलाइन पैज घरात शिरली असेल तर ती बंद होईपर्यंत खालील कोणतीही योजना टिकणार नाही, हे स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते.

कर्ज असताना बचत कशाला, असे अनेकांना वाटते. तरीही एका महिन्याचा घरखर्च आधी बाजूला काढावा असे माझे ठाम मत आहे. स्कूटर बंद पडली, मूल तापाने फणफणले की जवळ काहीच नसलेले कुटुंब पुन्हा कार्ड काढते आणि सहा महिन्यांचे श्रम वाया जातात. हे पैसे बँकेच्या वेगळ्या बचत खात्यात ठेवावेत. सहकारी बँकांचे परवाने रद्द झाल्याचा अनुभव गोव्याने घेतला आहे: २०२० मध्ये म्हापसा अर्बनचा आणि २०२१ मध्ये मडगाव अर्बनचा. बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, मात्र पतसंस्था आणि सोसायट्यांतील ठेवींना ते नसते. पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, जमा करायला माणूस दारात येतो ही सोय मोठी आहे आणि अनेक घरांना त्यामुळेच बचतीची सवय लागली, हे खरे आहे. अडीअडचणीचा पैसा मात्र विमा असलेल्या ठिकाणी असावा.

पायरी ४: वर्षाचे खर्च बारा महिन्यांवर पसरणे

मे महिन्यात पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरताना सुकी मासळी, कोकम, मिरच्या, तांदूळ, कडधान्ये यांचा पावसाळाभराचा अंदाज घरातल्या बायका अचूक बांधत आल्या आहेत. पैशांचीही तशीच साठवण करावी. वर्षातून एकदाच येणारे खर्च लिहून त्यांची बेरीज बाराने भागावी आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाकावी. चवथीसाठी २५ हजार, शाळेसाठी १५ हजार, घराच्या डागडुजीसाठी १२ हजार, वाहन व विम्यासाठी १२ हजार आणि सोन्यावरच्या कर्जाचे व्याज ८ हजार असे धरले तर वर्षाचे ७२ हजार होतात. म्हणजे महिन्याला ६ हजार. चवथ दर वर्षी येते, तरीही तिच्यासाठी ऐनवेळी कर्ज काढले जाते. अनेक घरांतले कर्ज एवढ्या एका सवयीने आटोक्यात येते.

ज्यांचे उत्पन्न हंगामी आहे त्यांनी हीच पद्धत उलट बाजूने वापरावी. ट्रॉलरवर काम करणाऱ्याला १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात मिळकत नसते. टॅक्सीवाल्याचा आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या शॅकवाल्याचा धंदा पावसाळ्यात मंदावतो. अशा घरांनी ऑक्टोबर ते मे या काळातील कमाईतून चार पावसाळी महिन्यांचे हप्ते आधीच बाजूला काढावेत. कर्ज घेतानाही सर्वांत कमी कमाईच्या महिन्यात झेपेल एवढाच हप्ता ठरवावा. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा तेजीच्या दिवसांतील कमाईवर हप्ते ठरवून ट्रक घेतलेल्या कुटुंबांवर केवढा प्रसंग आला, हे सत्तरी, डिचोली, सांगे, केपे भागांत वेगळे सांगावे लागत नाही.

पायरी ५: फेडीचा क्रम

फोंड्याजवळ स्वतःच्या घरात राहणारे एक कुटुंब उदाहरणादाखल घेऊ. पती कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत काम करतो, पत्नी एका खासगी दवाखान्यात नोकरी करते आणि दोघांचे मिळून ५५ हजार रुपये घरात येतात. कार्डावर ५० हजार बाकी असून किमान देय २,५०० आहे. फ्रिजचे २ हजारांचे ५ हप्ते उरले आहेत. सोसायटीचे २ लाखांचे कर्ज १३ टक्क्यांनी ५ वर्षांचे असून त्याचा हप्ता ४,५५० आहे. स्कूटरचे ४८ हजार ११ टक्क्यांनी बाकी असून हप्ता २,७०० आहे. सोने ठेवून घेतलेले ८० हजार १० टक्क्यांचे आहेत आणि मेहुण्याचे ३० हजार बिनव्याजी आहेत. ठरलेले हप्ते ११,७५०, वार्षिक खर्चांच्या खात्यात ६ हजार आणि घरखर्चाला सुमारे २९ हजार जाऊन काटकसरीने महिन्याला ८ हजार रुपये जादा उरतात. हे ८ हजार कोठे लावावेत, हा प्रश्न आहे.

सर्वांवर थोडेथोडे शिंपडू नयेत. सर्वांत महाग कर्ज कार्डाचे आहे, म्हणून त्यावर २,५०० अधिक ८,००० असे १०,५०० रुपये दरमहा भरावेत. सहाव्या महिन्यात कार्ड निरंक होते. तोपर्यंत फ्रिजचेही हप्ते संपलेले असतात, त्यामुळे आता १२,५०० रुपये मोकळे झाले. यांतले १० हजार सोसायटीच्या हप्त्यात जादा भरावेत आणि २,५०० मेहुण्याला वर्षभर नियमित द्यावेत. निव्वळ गणित सांगते की बिनव्याजी देणे शेवटी फेडावे. तरीही नात्यातले पैसे लांबले की बारशाला, जत्रेला भेटताना दोन्ही बाजू अवघडतात, म्हणून मी त्यांना मध्येच जागा देतो. या क्रमाने सोसायटीचे कर्ज पाच वर्षांऐवजी सुमारे वीस महिन्यांत फिटते, त्याच सुमारास स्कूटरचेही संपते, आणि मग मोकळ्या झालेल्या जवळजवळ २० हजारांतून चार-पाच महिन्यांत सोने सोडवून आणता येते. सारे मिळून सुमारे दोन वर्षे लागतात. सोन्याच्या कर्जाची मुदत मात्र डायरीत नोंदवून ठेवावी. व्याज भरून नूतनीकरण करायचे राहिले तर लिलावाची नोटीस येऊ शकते.

जादा रक्कम भरताना ती मुद्दलात जमा करावी असे लेखी द्यावे आणि मुदतपूर्व फेडीचे शुल्क किती ते आधी विचारावे. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तींकडून असे शुल्क घेता येत नाही; स्थिर दराच्या वैयक्तिक कर्जावर ते असू शकते. गृहकर्जाची घाई करू नये, ते बहुधा सर्वांत स्वस्त असते. बाकी सर्व देणी संपल्यावर मात्र त्याकडे वळावे. ३० लाखांच्या, साडेआठ टक्क्यांच्या, २० वर्षांच्या कर्जाचा हप्ता सुमारे २६,०३५ रुपये असतो आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा अधिक होते. दर वर्षी एक जादा हप्ता भरत गेल्यास हेच कर्ज ठरलेल्या मुदतीच्या तीन वर्षांहून थोडा अधिक काळ आधी संपते.

पायरी ६: या दोन वर्षांत घर कसे चालवावे

महिन्यातून एकदा, पगाराच्या आठवड्यात, अर्धा तास वही उघडावी आणि एरवी घरात कर्जाचा विषय काढू नये. रोज जेवताना हप्त्यांची चर्चा होऊ लागली की मुलांच्या मनावर त्याचे दडपण येते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला ‘या वर्षी सहल नाही, पुढच्या वर्षी जाऊ’ एवढे सांगितले तरी ते समजून घेते. आकडे आणि भीती त्याच्यापर्यंत पोहोचवण्याची गरज नाही. बाजारातून आठवड्याला एकदा चांगली मासळी, महिन्यातून एकदा समुद्रावर संध्याकाळ यांसाठी थोडी रक्कम घरखर्चातच धरावी. सगळे सुख काढून टाकलेली योजना तिसऱ्या महिन्यात मोडते.

जोडउत्पन्नाचा मोह होतो. ते जरूर करावे, पण तान्हे मूल किंवा आजारी आईवडील घरात असताना रोज रात्री दहापर्यंत बाहेर राहून मिळालेले चार-पाच हजार रुपये घराला खरोखर किती महाग पडतात, हे दोघांनी मिळून ठरवावे. सुट्टीच्या दिवशीची ठरावीक कामे किंवा चवथीच्या आधीचे नेवऱ्या-लाडवांच्या ऑर्डरींचे हंगामी काम बहुतेकांना अधिक मानवते.

सणाचा खर्च कमी करण्याची गोष्ट वडीलधाऱ्यांशी आधीच बोलून घ्यावी. ऐन चवथीच्या आठवड्यात नव्हे. गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीला परसातली आणि शेजारच्या भाटातली (बागायतीतली) फळे-फुले वापरणे हीच मुळातली रीत आहे, तर खर्च वाढतो तो फटाके, रोषणाई आणि नव्या वस्तूंवर. लेकीच्या पहिल्या चवथीला सासरी पाठवायचे वजें (फळे-मिठाईची भेट) कर्ज काढून पाठवू नये, असे मी कळकळीने सांगतो. सासरच्यांनीच आधी फोन करून ‘पाच फळे आणि गोडाचा एक डबा पुरे’ असे कळवले तर दोन्ही घरांचा मान राहतो, आणि हा पुढाकार मुलाच्या आईवडिलांनी घ्यावा.

जामीन राहण्याविषयी

सोसायटीच्या कर्जाला जामीनदार लागतात आणि सरकारी नोकरी असलेल्याकडे सहकारी, मित्र, चुलतभाऊ हमखास येतात. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते. वसुली थेट जामीनदाराकडूनही करता येते. तेव्हा जे कर्ज स्वतः फेडण्याची तयारी नाही, त्याला सही देऊ नये. ‘आम्ही दोघांनी कोणालाच जामीन राहायचे नाही असे ठरवले आहे’ हे उत्तर सर्वांना सारखेच दिले तर राग कमी येतो.

हप्ता थकण्याची वेळ आली तर

फोन घेणे टाळू नये. हप्ता चुकण्याआधीच शाखेत जाऊन अडचण लेखी द्यावी आणि मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का ते विचारावे. वसुलीसाठी बँकेच्या किंवा वित्त कंपनीच्या माणसांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. धमकी, शिवीगाळ किंवा नातेवाइकांपुढे अपमान करणे यांनाही मनाई आहे. तक्रार आधी त्या संस्थेकडे लेखी करावी आणि ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जावे. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कर्ज थकणे हा स्वतःहून फौजदारी गुन्हा नाही. दिलेला धनादेश न वटणे हा मात्र गुन्हा ठरू शकतो आणि त्याला २ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, म्हणून कोरे धनादेश सही करून कोणाकडेही ठेवू नयेत. तडजोडीने कमी रकमेत खाते मिटवले तर पतअहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा वर्षानुवर्षे राहतो, तेव्हा तो शेवटचा उपाय समजावा.

कर्जाआधी हक्काचे लाभ तपासणे

आजारपण हे अचानक कर्ज होण्याचे मोठे कारण आहे. राज्य सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेचे कार्ड मुदतीत नूतनीकरण केलेले असावे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला ४ लाख रुपयांपर्यंत त्यातून संरक्षण मिळते. खासगी रुग्णालयात अनामत भरण्यासाठी धावाधाव करण्याआधी बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी रुग्णालयात) तेच उपचार होतात का, हे विचारावे. पात्र गृहिणींना गृह आधार योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. मुलांच्या उच्च शिक्षणासाठी खासगी कर्ज घेण्यापूर्वी राज्य सरकारच्या व्याजमुक्त शैक्षणिक कर्ज योजनेची चौकशी करावी.

शेवटचा हप्ता भरल्यावर

प्रत्येक कर्ज संपले की त्या संस्थेकडून ‘देणे नाही’ असा दाखला घ्यावा. आधी दिलेले धनादेश परत मागावेत आणि बँकेतील स्वयंचलित कपातीची सूचना रद्द करावी. स्कूटर किंवा मोटारीच्या नोंदणीपत्रावरील वित्तसंस्थेचा बोजा वाहतूक कार्यालयात जाऊन उतरवून घ्यावा. तो तसाच राहिला तर पुढे वाहन विकताना अडते. घराची कागदपत्रे तारण असतील तर बँकेने किंवा वित्त कंपनीने ती पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत परत करायची असतात, आणि संस्थेमुळे उशीर झाल्यास दर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते. दोनेक महिन्यांनी पतअहवाल पुन्हा काढून खाते ‘बंद’ दिसते की नाही ते पाहावे. संपलेल्या हप्त्याची रक्कम त्याच तारखेला आपल्या बचत खात्यात आपोआप वळेल अशी सूचना बँकेला देऊन ठेवावी, आणि एका महिन्याची शिदोरी सहा महिन्यांची होईपर्यंत ती बदलू नये.